चिखलाचा वाघ

मामा,

नितीनचा फोन आला तेव्हा मी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून बसलो होतो. पाण्याचे कॅन आडवे बसतात की उभे, ते बघत होतो. जैसलमेरला निघायला आठवडा राहिला होता. तुमचा मुलगा फोनवर म्हणाला, "दाजी, बाबा गेले." आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की झालं, आता आपलं जाणं बोंबललं.

तुम्ही त्याच्यानंतर आलात. फार नंतर नाही. हातातला कॅन खाली ठेवेपर्यंत आलात. पण नंतर आलात, हे खरं. वर सुजाता पोळ्या लाटत होती. तिला तिचे वडील गेल्याचं कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत मी जिना चढत होतो, तेव्हाही मध्येच एकदा 'इरफानभाईंना कळवायला हवं, गाड्या थांबवायला हव्यात' असं डोक्यात येऊन गेलं.

कडावला तुमच्या अंगणात त्या दिवशी माणूस मावत नव्हतं. तुमच्या जीपने कुणाला वेळेवर दवाखान्यात पोचवलं, कुणाचं वऱ्हाड पुरातून पलीकडे नेलं, हे सगळे सांगत होते. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला तुमचा अख्खा गाव आहे. मी त्यात बोलणार नाही. मला तुमच्याशी वाळूबद्दल बोलायचंय. आपलं ते बोलणं अर्धवट राहिलं, आणि ते ज्या जागी तुटलं ती जागा मला झोपताना, जेवताना, गाडी चालवताना दिसत राहते.

मी तुम्हाला वाळवंटात चला म्हटलं ते मनापासून नव्हतं, मामा. हे आधी सांगून टाकतो. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी तुमच्या पडवीत बसलो होतो. नवी गाडी घेऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. चारही चाकांना ताकद देणारी, डोंगरदऱ्यांत जाणारी, आणि मी तिला नेरळहून कंपनीत आणि कंपनीतून नेरळला नेत होतो. तुम्ही तिच्याभोवती फिरून आलात, वाकून खाली बघितलंत, आणि म्हणालात, "गाडी झ्याक हाय. पन हिला काम काय देनार?" मला ते लागलं. म्हणून मी सांगून टाकलं की डिसेंबरात आम्ही चार गाड्या घेऊन राजस्थानात जाणार आहोत. कर्जतचे टायरवाले इरफानभाई आधी एकदा जाऊन आलेत, त्यांच्याबरोबर. रस्ता सोडून, वाळूतून.

"तितं पाऊस किती?" तुम्ही विचारलंत.

"जवळजवळ नाहीच."

"नायच?"

"वर्षातून चार सरी."

तुम्ही अंगणाकडे बघितलंत. अंगणात घोटाभर पाणी होतं. तुमची जीप शेडखाली उभी होती आणि तिच्या चाकांना सकाळचा चिखल तसाच होता. तुम्ही म्हणालात, "आयुष्य गेलं चिखलातनं गाडी काडन्यात. एकदा कोरड्यातनं काडून बगाया पायजे."

तेव्हा मी म्हटलं, "चला की मग आमच्याबरोबर." जेवायच्या वेळी दारात आलेल्या माणसाला आपण बसा म्हणतो आणि तो नाही म्हणणार हे आपल्याला ठाऊक असतं, तसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "येतो."

त्यानंतर दर रविवारी तुम्ही तयारी करत होतात आणि मी ती तुम्हाला करू देत होतो. फावड्याचा दांडा कापून डिकीत बसेल एवढा केलात. जॅकखाली ठेवायला सागाची फळी काढलीत. चाकाखाली घालायला गोणपाटं धुऊन वाळत टाकलीत. मामी म्हणाल्या, "गोनपाटं कवापासून धुवाया लागलात?" तर तुम्ही म्हणालात, "परगावी न्यायची हायत." सुका जवळा भाजून डब्यात भरून न्यायचं ठरवलंत. मी म्हटलं, "मामा, वाळवंटात जवळा कशाला?" तर म्हणालात, "तितं समुद्र नाय म्हनून तर." मी फोनवर नकाशा दाखवला की तुम्ही चष्मा लावून बघायचात. अहमदाबाद, सांचोर, बाडमेर. नावं तोंडात घोळवायचात. एकदा विचारलंत, "तितली लोकं खात्यात काय? तांदूळ नसंल तर?" तुम्हाला खरंच काळजी वाटली होती त्या लोकांची.

भांडण एकाच गोष्टीवरून होतं. मी सांगत होतो, वाळूत शिरायच्या आधी चाकांतली हवा निम्म्यावर आणायची. चाक पसरतं, वाळूवर तरंगतं, रुतत नाही. मी हे वाचलं होतं, बघितलं होतं, इरफानभाईंकडून ऐकलं होतं. तुम्ही मान हलवायचात. "चाक टनक पायजे. पयला गेर, आनि पाय उचलायचा नाय." मी पुन्हा समजवायचो. एकदा तुम्ही चिडलात आणि म्हणालात, "हवा काडायची ती दुश्मनाच्या गाडीची. आपल्या गाडीची कोन काडतं?" सगळे हसले. मीही हसलो. पण मनात धरून ठेवलं, की बघू.

मामा, लग्नानंतरचा माझा पहिला पावसाळा तुम्हाला आठवत असेल का? मी तेव्हा लोधिवलीला राहायचो, तिथून मोटरसायकलवर आलो होतो. माझ्या वडिलांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि सासुरवाडीला एकट्याने जायची ती पहिलीच वेळ. नवी पँट, नवे बूट. रस्त्याने वळसा पडतो म्हणून शहाणपणाने बांधावरून गाडी घातली आणि सगळ्या गावासमोर खाचरात पडलो. लावणीला माणसं होती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कुणीतरी ओरडलं, "जावई लावनीला आला रं!" तुम्ही चिखलातून आलात, गाडी एका बाजूने धरलीत, मी दुसऱ्या बाजूने. आणि वर बांधावर उभ्या असलेल्या माणसांना तुम्ही मोठ्याने सांगितलंत, "हसताव काय? मीच सांगितलं व्हतं त्यांना, या वाटंनं या म्हनून. माझी चूक हाय."

तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं. आपलं बोलणंही झालं नव्हतं त्या दिवशी. घरी आल्यावर तुम्ही गरम पाणी काढायला लावलंत आणि तो विषय कधीच काढला नाहीत. सुजातालाही तुम्ही सांगितलेलं नव्हतं, मीच पुढे कधीतरी सांगितलं.

मग भात कापून झाला आणि आपण सरावाला नदीवर गेलो. कडावच्या खाली नदी वळते तिथला रेतीचा पट्टा. इरफानभाई आले होते, आणखी दोन गाड्यांतली मंडळी होती. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होतात. मी इरफानभाईंना ओळख करून दिली, "आमचे मामा. चाळीस वर्षं चिखलात गाडी चालवतायत." माझ्या बोलण्यात एक खोच होती. ती तुम्हाला कळली की नाही, मला माहीत नाही.

तुम्ही म्हणालात, आधी मी बसतो. इरफानभाई म्हणाले, "काका, हवा कमी करूया थोडी." तुम्ही म्हणालात, "नको नको, हाय तशी बरी हाय." इरफानभाईंनी माझ्याकडे बघितलं. गाडी माझी होती. मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. मी म्हटलं, "जाऊ दे त्यांना." आणि खिशातून फोन काढून व्हिडिओ सुरू केला.

गाडी रुतायच्या आधी मी फोन काढला होता, मामा. हे तुम्हाला दिसलं असेल. तुम्ही स्टिअरिंगवरून माझ्याकडे बघून हात केला होतात. तुम्हाला वाटलं असेल, जावई कौतुकाने फोटो काढतोय.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. गाडी थोडी गेली आणि बसली. तुम्ही पाय उचलला नाहीत. चाकं जागच्या जागी फिरली, रेती मागे उडाली, आणि गाडी पोटापर्यंत खाली गेली. मागे सगळे हसायला लागले. तुम्ही खिडकीतून डोकं काढून म्हणालात, "थांबा, अजून एकदा. येती, येती." आणि गाडीला म्हणालात, "चल गं बाय, चल." क्लचचा जळका वास आला तसं माझं डोकं फिरलं. फोन मी शेजारच्याच्या हातात दिला, तुमच्या दारापाशी आलो आणि म्हणालो, "मामा, बस झालं. उतरा. उतरा आता."

तुम्ही उतरलात. मी चारही चाकांची हवा कमी केली, चाकांपुढची रेती फावड्याने ओढली, तुम्ही दांडा कापलेल्या त्याच फावड्याने, आणि गाडी एका दमात बाहेर काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरून फोनकडे बघून म्हणालो, "बघितलंत? याला म्हणतात अभ्यास."

माझं खरं होतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगीन, वाळूत हवा कमीच करावी लागते. माझं खरं होतं याचीच मला इतकी लाज वाटते. चूक असतो तर निदान तुमच्यापाशी माफी मागायला तोंड राहिलं असतं.

संध्याकाळी तो व्हिडिओ मी आमच्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकला, सुजातालाही पाठवला. वर लिहिलं, 'चिखलाचा वाघ वाळूत फसला'. अंगठे आले, हसण्याची चित्रं आली. सुजाताने बघितला आणि एवढंच म्हणाली, "हे टाकायला नको होतंस." मी म्हटलं, "अगं, गंमत आहे. मामांनाही हसू आलं असेल."

थोड्याच दिवसांनी तुमचा फोन आला. "जावईबापू, औंदा आमचं काय जमायचं नाय. झोडनी ऱ्हायलीय, वाल पेरायचा हाय. तुमी पोरं जाऊन या." मी एकदा तोंडदेखलं म्हटलं, "असं कसं मामा." तुम्ही म्हणालात, "पुडल्या साली बगू." मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. आता मागच्या सीटवर सामान मोकळं ठेवता येईल, जवळ्याचा वास येणार नाही, आणि दर वळणावर कुणी मला गेर शिकवणार नाही. भाताची झोडणी तर त्याआधीच झाली होती. मी स्वतः पेंढा रचलेला बघितला होता.

तुम्ही गेलात ते अगदी तुमच्यासारखं, कुणाला धावपळ करू न देता. दूध काढून आलात, पडवीत टेकलात, मामींकडे पाणी मागितलंत, आणि मामी पाणी घेऊन येईपर्यंत तुम्ही नव्हतात.

त्या दिवशी माणसांना बसायला जागा हवी म्हणून नितीनने जीप शेडमधून काढायला घेतली. ती हलेना. चारही चाकं खाली बसली होती. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी झाली जीप. मालकाबरोबर तिनंबी दम सोडला." माणसं हळहळली. मी पुढे होऊन चाकाला हात लावला. पंक्चर झालेलं चाक मला कळतं. आणि चारही चाकं एकाच वेळी, सारखीच पंक्चर होत नाहीत. खाचांमध्ये नदीची रेती होती. मी हात पुसला आणि धक्का मारायला लागलो. कुणाला काही बोललो नाही.

दहाव्याला नदीवर गेलो तेव्हा मी वरच्या अंगाला, त्या पट्ट्याकडे, पाठ करून उभा राहिलो. नितीन विधी करत होता. मी आपला पाण्याकडे बघत होतो.

इथवर जे केलं ते गर्वाने केलं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येणार नाही. दहाव्याहून घरी आल्यावर मी माझ्या फोनमधून तो व्हिडिओ काढून टाकला. ग्रुपमधूनही माझ्यापुरता पुसला. सुजाताचा फोन चार्जिंगला लावलेला होता. ती अंघोळीला गेली होती. तिने तो जपून ठेवला होता, तुमच्या फोटोंबरोबर. मी तिच्या फोनमधूनही काढला. मला वाटलं, तिला रोज तो बघून माझा राग येईल. मी माझ्या मनाला सांगितलं की तिच्या भल्यासाठी करतोय.

तेराव्याची पंगत उठल्यावर मामी म्हणाल्या, "फोटू हायत. पन त्यांचा आवाज कुनाकडं हाय का? चार दिस झालं मी आवाज आठवती, आनि तो येतच नाय." तुम्ही फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलायचा नाहीत. लग्नाच्या कॅसेटमध्ये नुसते सनई-चौघडे. नितीनने त्याचा फोन चाळला, काही सापडलं नाही. सुजाता एकदम म्हणाली, "माझ्याकडे आहे! नदीवरचा." आणि शोधायला लागली.

मामा, ती शोधत होती आणि मी समोर बसलो होतो. "इथेच होता. मी ठेवला होता, मला नक्की आठवतंय." मामी तिच्या खांद्यावरून फोनमध्ये बघत होत्या. ती खाली जायची, पुन्हा वर यायची, पुन्हा शोधायची. मग माझ्याकडे वळली, "तुझ्याकडे असेल ना? तूच काढला होतास." मी म्हटलं, "फोन भरला होता, त्यात गेला वाटतं." मामी म्हणाल्या, "जाऊ दे गं. नशिबात नाय." आणि उठून पत्रावळी गोळा करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कर्जतला इरफानभाईंच्या दुकानात गेलो. तुम्ही गेल्याचं कळल्याबरोबर त्यांनी कुणाला न विचारता सगळी ट्रिप रद्द केली होती. "घरातला माणूस गेला तर गाड्या निघत नाहीत," एवढाच मेसेज. मी व्हिडिओ मागितला. त्यांनी लगेच दिला नाही. टायरच्या थप्पीवर बसले आणि म्हणाले, "तुमचे मामा आलेले हितं. माहीत हाय?"

"कधी?"

"नदीवरनं गेल्यावर, पुढच्याच आठवड्यात. हवा मोजायचं मीटर घेतलं. मला विचारलं, रेतीत किती ठेवायची, चढाला किती, आनि परत रस्त्याला लागल्यावर किती. दोनदा विचारून घेतलं. मी म्हटलं, काका, घरात जावई हाय, त्यांना विचारा ना. तर बोलले, 'इचारीन की. आदी मला येऊं दे.'"

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, इरफानभाई उठले, त्याला टायर दाखवला, भाव सांगितला, तो गेला. मग त्यांनी माझ्या फोनवर व्हिडिओ पाठवला. म्हणाले, "तुम्ही आल्याशिवाय मी हे बोलनार नव्हतो. मला बोलले होते, जावयाला सांगू नको म्हनून."

म्हणजे तुम्ही दुपारी एकटे जीप घेऊन नदीवर जात होतात. दुश्मनाची काढायची ती हवा आपल्या हाताने आपल्या जीपची काढत होतात, रेतीत घालत होतात आणि बाहेर काढत होतात. भरायला पंप नाही म्हणून तसेच हळूहळू घरी येत होतात. आणि मला सांगायच्या आधी तुम्हाला ते यायला हवं होतं. नंतर तुम्ही फोन केला असतात का? 'येतो' म्हणाला असतात का? की नुसतंच एखाद्या रविवारी मला नदीवर नेऊन, काही न बोलता, गाडी घालून काढून दाखवली असतीत? मी हे तिन्ही मनात घडवून बघतो. तिन्हीत मी तुमच्यासाठी टाळ्या वाजवतो. तिथे तेवढं जमतं मला.

घरी येऊन सुजाताला सांगितलं, "व्हिडिओ मिळाला. इरफानभाईंकडून. आणि तुझ्या फोनमधला मीच काढला होता." ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, "माझ्या फोनला हात लावलास?" मी हो म्हटलं. "आणि काल मी शोधत होते तेव्हा तू बघत बसलास?" मी हो म्हटलं. ती पुन्हा भाजी निवडायला लागली. रविवारी कडावला जाताना गाडीत बोलली नाही. कडावला पोचल्यावर फक्त म्हणाली, "आता आईला तूच दाखव. मी नाही."

मामी पडवीत तांदूळ पाखडत होत्या. मी त्यांच्याजवळ खाली बसलो. म्हटलं, "मामी, मामांचा आवाज मिळाला." त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले. मी व्हिडिओ लावायच्या आधी आवाज जरा कमी केला. तुमचं बोलणं सुरुवातीला आहे, माझं नंतर. मला वाटलं, तुमचं झालं की बंद करीन. मामी म्हणाल्या, "वाडव की आवाज."

मी वाढवला. तुम्ही खिडकीतून हात केलात. मामी फोनच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर आला. लोक हसले. तुम्ही म्हणालात, "येती, येती. चल गं बाय, चल." आणि मामी हसल्या, मामा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "म्हशीला पन असंच म्हनायचे. अगदी असंच." माझं बोट बंद करायला पुढे गेलं. त्यांनी माझा हात धरला.

म्हणून त्यांनी सगळं ऐकलं. "मामा, बस झालं. उतरा. उतरा आता." ऐकलं. तुम्ही उतरून बाजूला उभे राहिलात, शर्टावरची रेती झटकलीत, ते बघितलं. टाळ्या ऐकल्या. "याला म्हणतात अभ्यास," हेही ऐकलं.

सुजाता आतल्या दारात उभी होती. मग मामी म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "गावात पोरांच्या फोनवर आला व्हता ह्यो. मला कुनी दाकवला नाय. नाक्यावर पोरांनी इचारलं, 'काय वाघ, वाळूत कवा जानार?' रोजचं झालं. त्यांनी नाक्यावर चा प्यायला जानंच सोडलं. मला सांगितलं, चा बादतो आताशा. मी म्हनलं, बोला जावयाला. तर म्हनले, जावयाला कोन बोलतं का? पोरगी दिलीय."

मग त्या माझ्याकडे वळल्या. बारा वर्षांत मला कधी तुमीशिवाय बोलल्या नव्हत्या. माझं ताट आधी वाढल्याशिवाय घरात कुणाचं वाढलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तू त्यांना उतर म्हनलास? चार लोकांत? आपल्या बापाला म्हनला असतास का रं?"

मान वर करता येईना. तुम्ही जे मला कधी बोलला नाहीत ते मामी बोलत होत्या, आणि मी त्यांच्या घरातला पाहुणा उरलो नव्हतो. मी रडलो. मामींनी मला जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही. रडू दिलं. सुजाताने आतून पाण्याचा तांब्या आणून मध्ये ठेवला, माझ्या पुढ्यात नाही, दोघांच्या मध्ये.

मग मामींनी डोळे पुसले, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "परत लाव."

मी लावला. संपला. "परत लाव." पुन्हा लावला. प्रत्येक वेळी "चल गं बाय"ला त्या हसल्या. प्रत्येक वेळी "उतरा"ला त्यांचे ओठ घट्ट मिटले. मी म्हटलं, "मामी, पुढचं कापता येतं. नुसता मामांचा आवाज ठेवू का?" त्या म्हणाल्या, "कशाला? नंतर ते उबे हायत ना रेती झटकत. ते मला बगायचंय." तिथे तुम्ही दिसता, मामा, पण आवाज माझाच आहे.

जाताना नितीनने तो त्यांच्या फोनवर घालून दिला आणि कुठे दाबायचं ते शिकवलं. आता त्यांना ते येतं. परवा मी वालाच्या शेंगा आणायला कडावला गेलो. इरफानभाई पुढच्या हिवाळ्याचं विचारतायत हे त्यांना सांगायचं होतं. जायचं की नाही हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं. अंगणात गाडी लावली आणि आतून तुमचा आवाज आला, मोठा, स्पष्ट, चुलीपाशी बसून बोलावं तसा. थांबा, अजून एकदा. मी दारात चपला काढल्या. पुढे काय येणार ते मला माहीत होतं. मी आत गेलो नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो. माझं बोलून झालं, टाळ्या झाल्या, आणि मामींनी पुन्हा पहिल्यापासून लावलं.